कलमी रणगाडा



रत्नागिरीकडील माणसास कलम म्हणजे काय हें सांगावें लागत नाहीं. खुंट रायवळाचा, काडी हापुसाची. वरून झाड एकच दिसतें, पण जाणता माणूस बुंध्याशीं वांकून सांधा पाहतो आणि मगच झाडाची जात सांगतो. आज ज्या वस्तूविषयीं बोलावयाचें आहे तीहि अशीच कलमी आहे. मात्र ती बागेंतली नव्हे, रणांगणावरची आहे. भारतीय सैन्यानें आपल्या जुन्या अमेरिकन शर्मन रणगाड्यांपैकीं कांहींवर फ्रेंच तोफ बसविली, तर कांहींवर रशियन. असा रणगाडा आणि त्याला वाहून नेणारी गाडी ओळखावी कशी, हा आजचा विषय.

प्रथम खुंट पाहूं. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकेनें सुमारें ४९,००० शर्मन बांधले. वजन तीस टनांच्या आसपास. प्रत्येक बाजूस सहा चाकें, तींहि बहुधा दोन-दोनांच्या तीन जोड्यांनीं बसविलेलीं. या जोड्यांमधील अंतर नेहमींपेक्षां जास्त व धड लांब दिसलें, तर तो ‘एम ४ ए ४’ समजावा. मोटारीचीं पांच इंजिनें एकत्र जुळवून त्याचें तीस सिलिंडरांचें एक इंजिन केलेलें होतें आणि तें मावावें म्हणून धड लांबविलें होतें. ह्याच जातीचे शर्मन घेऊन प्रोबिन्स हॉर्स व रॉयल डेक्कन हॉर्स हीं हिंदी पथकें १९४५ सालीं ब्रह्मदेशांत इरावती ओलांडून मेक्टिलापर्यंत गेलीं.

स्वातंत्र्यानंतर हे शर्मन आपल्या सैन्यांत राहिले, परंतु काळ पुढें गेला. पाकिस्तानास अमेरिकेकडून पॅटन रणगाडे मिळाले. त्यांची तोफ ९० मिलिमीटरची. शर्मनची मूळची ७५ मिलिमीटरची तोफ सेकंदाला सुमारें ६२० मीटर वेगानें गोळा फेकी. जाड कवचापुढें तो वेग तोकडा पडे. आपल्याजवळ दोन नवीं हलकीं वाहनें मात्र आलीं होतीं: १९५० नंतरच्या दशकांत फ्रेंच ‘ए एम एक्स १३’ आणि त्यानंतरच्या दशकांत पाण्यावर तरणारा रशियन ‘पी टी ७६’. या दोहोंच्याच तोफांच्या जाती जुन्या शर्मनवर चढविण्यांत आल्या. त्यांतील फ्रेंच तोफेची कथा अधिक नवलाची आहे. जर्मनांच्या ‘पँथर’ रणगाड्याची तोफ अभ्यासून फ्रेंचांनीं ती सिद्ध केली होती. म्हणजे धड अमेरिकन, तोफ फ्रेंच, तिची कुळी जर्मन आणि तोफखान्यावर बसणारा जवान भारतीय!

आतां ओळखण्यांतली खरी मेख. जुन्या अमेरिकन तोफेचा व्यास ७५ मिलिमीटर. फ्रेंच तोफेचाहि ७५. शर्मनच्याच पुढच्या अमेरिकन तोफेचा व्यास ७६. रशियन तोफेचाहि ७६. तोफा चार आणि आंकडे दोनच! व्यास सारखा असला तरी गोळ्याचें काडतूस निराळें. एकाचें दुसऱ्या तोफेंत बसत नाहीं. रणभूमीवर केवळ आंकडा पाहून दारूगोळा पाठविला, तर तोफ मुकी आणि आंतील पांच माणसें शत्रूच्या स्वाधीन. तेव्हां हें ज्ञान केवळ हौशी लोकांचें नव्हतें. त्यावर प्राण अवलंबून होते.

हा भेद डोळ्यांनीं पारखावा तो नळीच्या लांबीवरून. जुनी अमेरिकन ७५ची नळी सुमारें तीन मीटर, आंखूड व साधी. फ्रेंच ७५ची साडेचार मीटरांहून अधिक. अमेरिकन ७६ची सुमारें चार मीटर. रशियन ७६ची सव्वातीन मीटरांच्या आंतबाहेर आणि तिच्या तोंडाशीं धक्का कमी करणारा फटींचा जाड भाग. १९६५च्या सप्टेंबरांत आसल उत्तर येथें डेक्कन हॉर्सचे शर्मन पॅटनांशीं झुंजले, त्यांत अमेरिकन ७६ची तोफ असलेले शर्मन होते. त्यांना कलमी समजणें, किंवा कलमी शर्मनला निव्वळ अमेरिकन म्हणणें, या दोन्ही चुका सारख्याच.

आतां वाहक गाडीकडे वळूं. रणगाडा रस्त्यानें स्वतः फार दूर चालवीत नाहींत. पट्टे झिजतात, इंजिन थकतें आणि एका भरणींत शर्मन दीडदोनशें किलोमीटरच जातो. म्हणून त्याला ट्रेलरवर चढवितात. महायुद्धांतील प्रसिद्ध वाहक म्हणजे ‘डायमंड टी’. ब्रिटिशांच्या मागणीवरून अमेरिकेंत तयार झालेल्या या ट्रॅक्टरांची संख्या १९४१ ते १९४५ या काळांत साडेपांच हजारांच्या वर गेली. पुढें लांब नाक, सुमारें दोनशें अश्वशक्तीचें डिझेल इंजिन, मागें वजनाची पेटी आणि मेलेला रणगाडा ओढण्यासाठीं तारेचें चक्र. त्यामागें पुष्कळदां ब्रिटिश बनावटीचा चोवीस चाकांचा ट्रेलर जोडीत; म्हणजे ही गाडीहि कलमीच! याउलट चिलखती खोलीचा ट्रॅक्टर आणि त्याच्याच पाठीवर टेकलेला ट्रेलर दिसला, तर ती अमेरिकन सैन्याची ‘एम २५’ जोडी होय.

रणगाडा, ट्रॅक्टर व ट्रेलर मिळून भार पन्नास टनांच्या पुढें जातो. रत्नागिरी व भाट्ये यांच्यामधील खाडीवरच्या पुलावरून अशी स्वारी न्यावयाची झाली, तर पहिला प्रश्न पुलाचा. भाट्याच्या ओल्या वाळूंत पट्ट्यांमुळें रणगाडा एक वेळ निभावून जाईल. पुलाला मात्र एकूण भारच सोसावा लागतो. म्हणून महायुद्धांत ब्रिटिश व हिंदी सैन्याच्या वाहनांवर पिवळ्या वाटोळ्यांत काळा आंकडा असे. तो पुलाच्या भारवर्गाचा. जुन्या छायाचित्रांत तो दिसल्यास ओळख अर्धी पटली असें समजावें. १९४८ सालीं सातव्या लाइट कॅव्हलरीचे स्टुअर्ट रणगाडे काश्मिरांत नेले, तेव्हां पुलांसाठीं त्यांचे बुरूज उतरवावे लागले. बुरूजाविना त्यांची ओळखहि लपली, आणि १ नोव्हेंबर रोजीं ते झोजी खिंडींत अवतरले तेव्हां शत्रू थक्क झाला.

अहमदनगर, म्हणजे २०२४ पासूनचें अहिल्यानगर, येथें १९९४ पासून रणगाड्यांचें संग्रहालय आहे. तेथें किंवा एखाद्या शहराच्या चौकांत जुना रणगाडा दिसेल, तेव्हां पाटीवरील नांव वाचून थांबूं नये. चाकें मोजावीं, धडाची लांबी पाहावी, नळी अजमावावी, तिच्या तोंडाकडे लक्ष द्यावें. ‘अमेरिकन शर्मन’ एवढ्याच दोन शब्दांत, दुसऱ्याची तोफ आपल्या धडावर बसविणाऱ्या भारतीय कारागिरांचें काम पुसलें जातें. ज्यांनीं सैन्याच्या कार्यशाळांत हे सांधे जोडले ते आतां वृद्ध झाले आहेत. कोणत्या धडावर कोणती तोफ कशी बसविली, हें त्यांच्या घरच्यांनीं त्यांना विचारून लिहून ठेवावें आणि पाटी लिहिणारांनीं तें पाटीवर घ्यावें, एवढीच विनंती.