कस्तुरी, स्फोटकं आणि धुतलेले कपडे

ताईच्या बाळाला पुरळ आलं. डॉक्टर म्हणाले, "कपड्यांना बिनवासाची पावडर वापरा." घरातलं पाकीट उलटून बघितलं, तर घटकांत नुसतं 'परफ्यूम'. म्हणजे नक्की काय? शनिवारभर ते शोधत बसलो, आणि पोचलो थेट स्फोटकांपाशी!

१८८८ साली आल्बर्ट बाऊर हा जर्मन केमिस्ट टीएनटीपेक्षा जोरदार स्फोटक बनवायच्या खटपटीत होता. ते राहिलं बाजूला, हाती लागला कस्तुरीचा वास. खरी कस्तुरी मिळायची कस्तुरीमृगाला मारून, आणि महाग. ही स्वस्त! मग याच कुळातलं मस्क झायलीन साबणात, धुण्याच्या पावडरीत शिरलं.

गोची अशी, की ते सहजासहजी विघटित होत नाही आणि चरबीत साठतं. १९८१ मध्ये जपानी संशोधकांना ते टोकियोजवळच्या तामा नदीतल्या माशांत सापडलं. १९९० च्या दशकात जर्मनीत, आईच्या दुधात. युरोपीय संघात ऑगस्ट २०१४ पासून खास परवानगीशिवाय त्याचा वापर बंद झाला.

दुधात सापडलं म्हणजे बाळाला अपाय झालाच, असं नाही. पण आम्ही टेस्टिंगशिवाय रिलीज केलं तर शिव्या खातो. इथे रिलीज झाल्यावर माशांत बघेपर्यंत नव्वदेक वर्षं गेली. आणि पाकिटावर शब्द अजून एकच.

बिनवासाची पावडर आणली. आई म्हणाली, "कपडे धुतल्यासारखे वाटतच नाहीत रे!"

बघा, स्वच्छतेला वास असतो हेही आपल्याला शिकवलेलंच की...