बालगृहाआधी घर

अंबरनाथ एमआयडीसीत पोटासाठी आलेल्या अनेक कामगारांचा संसार दोन-तीन ठिकाणी विखुरलेला असतो. बाप कारखान्यात, आई गावी. एखादे मूल आजीपाशी, एखादे तालमीसाठी दूरच्या मदरशात. गरिबाच्या घराची ही जुनी रीत. पण सरकारी नजरेला असे मूल चटकन 'निराधार' दिसते.

या नजरेला इतिहास आहे. मुंबई इलाख्याचा बाल अधिनियम १९२४ साली झाला. भीक मागणारे, निराश्रित मूल न्यायालयापुढे आणावे आणि संस्थेत ठेवावे, अशी त्यात सोय होती. १९२७ मध्ये मुंबईत चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली. मुलांना तुरुंगापासून वाचवण्याचा हेतू चांगलाच होता. परंतु गरिबी हाच जणू आईबापांचा दोष ठरला.

२०१५ च्या बाल न्याय कायद्याने वेगळी दिशा दिली. मुलाची पहिली जबाबदारी कुटुंबाची. संस्था हा अखेरचा उपाय. कायदा बदलला, सवय बदलली का?

मे २०२३ मध्ये बिहारमधून पुणे-सांगलीच्या मदरशांकडे निघालेली ५९ मुले भुसावळ आणि मनमाड स्थानकांवर दानापूर-पुणे एक्स्प्रेसमधून उतरवली गेली. सोबतच्या पाच जणांवर मानवी तस्करीचे गुन्हे दाखल झाले. मुले बारा दिवस बालगृहांत राहिली. मार्च २०२४ मध्ये रेल्वे पोलिसांनीच हे गुन्हे गैरसमजातून नोंदले गेल्याचे सांगून प्रकरण बंद केले. त्या बारा रात्रींचा हिशेब मात्र कोणी मांडला नाही.

मुलांची तस्करी होते, हे नाकारून चालणार नाही. चौकशी झालीच पाहिजे. पण तिची सुरुवात आईबापांना विचारण्यापासून व्हावी. आपणही मूल दूर धाडताना पालकांचे संमतीपत्र, ओळखीचे कागद आणि घरचा फोन नंबर सोबत द्यायला हवा.

महाराष्ट्रात बाल संगोपन योजना आहे. मूल संस्थेत न जाता घरीच वाढावे, म्हणून ती मदत देते. महिना ४२५ रुपयांची ही रक्कम पुढे ११०० आणि २०२३ मध्ये २२५० झाली. कितीतरी यतीम मुलांच्या आजींना तिचा पत्ताच नसतो. मोहल्ल्यातल्या सुशिक्षितांनी त्यांचे अर्ज भरून दिले, तरी काही मुलांची बालगृहाची वाट टळेल.