केशरोपणाचा पूर्ववृत्तांत

धर्मापुरी हें बीड जिल्ह्यांतील गांव तेथील उत्तर चालुक्यकालीन केदारेश्वर मंदिरामुळें इतिहासप्रेमी वाचकांस परिचित असेलच. त्या मंदिरावरील सुरसुंदरींचे केशकलाप पाहिले म्हणजे केसांचा मोह कांहीं आजकालचा नव्हे, हें निराळें सांगावें लागत नाहीं. दगडांतले केस मात्र झडत नाहींत. ज्यांचे झडतात त्यांच्यासाठीं आतां शस्त्रवैद्य सिद्ध आहेत. आणि धर्मापुरीसारख्या गांवच्या तरुणासहि लग्न ठरण्यापूर्वीं त्यांची वाट धरावीशी वाटली, तर त्यांत आम्हांस नवल वाटणार नाहीं. परंतु ती वाट धरण्याआधीं या विद्येचा पूर्ववृत्तांत पाहणें उपयोगाचें आहे.

आमच्या पूर्वजांस ही विवंचना फारशी नव्हती. डोक्याचा बराचसा भाग वस्तऱ्याखालीं जावयाचा, उरे ती शेंडी किंवा घेरा, आणि वर पागोटें! तेथें टक्कल पडलें काय आणि न पडलें काय! पुढें डोकीं उघडीं झालीं आणि दुःखहि उघडें झालें. (ज्या समाजानें विधवांचे केस बळानें उतरविले, त्यानेंच पुरुषाच्या विरळ केसांसाठीं इतकें हळहळावें, हा विरोध आम्हांस बोंचल्यावांचून राहत नाहीं.)

वैद्यांचें लक्ष मात्र या विषयाकडे फार पूर्वींच गेलें होतें. वातासह पित्त रोमकूपांत शिरून केस पाडतें व मग रक्तासह कफ तें द्वार बुजवितो, म्हणून पुन्हां केस उगवत नाहींत, अशी मीमांसा सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानांत आहे. तींतील दोषविचार आज कोणी मानो वा न मानो, केसाच्या मुळाशींच रोगाचें ठाणें आहे हें निरीक्षण खरें ठरलें.

या विद्येचा दुसरा धागा थेट पुण्याशीं जुळतो. टिपूशीं झालेल्या १७९२ च्या युद्धांत इंग्रजांकडील कावसजी नांवाचा एक मराठी बैलहाक्या शत्रूच्या हातीं सांपडला व त्याचें नाक कापण्यांत आलें. पुढें पुण्याजवळील एका वीटकऱ्यानें त्याच्या कपाळाची कातडी फिरवून त्यास नवें नाक बसविलें. ही हकीकत १७९४ च्या ऑक्टोबरांत लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्यें छापून आली आणि तीवरून प्रेरणा घेऊन कार्प्यू या शस्त्रवैद्यानें १८१४ सालीं इंग्लंडांत तोच प्रयोग केला. आमच्या विषयाशीं याचा संबंध असा, कीं कातडी स्थलांतर करते, पण स्वभाव सोडीत नाहीं. कपाळाच्या पट्टीबरोबर डोक्याचा केसाळ भाग आला, तर नव्या नाकावरहि केस वाढतात! केशरोपणाची सारी इमारत याच तत्त्वावर उभी आहे.

१९३९ सालीं जपानांतील ओकुदा या त्वचावैद्यानें केसाळ कातडीच्या लहान गोल चकत्या लावून केशहीन जागीं केस उगविल्याचें प्रसिद्ध केलें. परंतु महायुद्धाच्या गदारोळांत पश्चिमेस त्याची वार्ताच लागली नाहीं. न्यूयॉर्कच्या ऑरेंट्राइकनें १९५२ मध्यें टकलावर रोपण केलें आणि १९५९ सालीं त्यामागील तत्त्व मांडलें. मस्तकाच्या मागील बाजूचे केस टिकाऊ असतात. ते पुढें लावले तरी टिकाऊच राहतात. त्या काळच्या मोठ्या चकत्यांनीं मस्तकास बाहुलीच्या डोक्याची कळा येई. आतां एक ते चार केसांचे नैसर्गिक गुच्छ वेगळे करून लावतात, त्यामुळें ती कुरूपता टळली.

तरी मूळ गणित बदललेलें नाहीं. या क्रियेनें नवा केस एकहि निर्माण होत नाहीं. मागचा पुढें येतो, इतकेंच. मागील बाजूची ठेव मर्यादित असते आणि टक्कल तर वयाबरोबर वाढत जातें. बाविसाव्या वर्षीं कपाळावर दाट रांग लावून घेणाऱ्याचे तिच्यामागील केस चाळिशींत गळले, तर पुढें झाडी व मागें माळरान असें विचित्र दृश्य उरतें. शिवाय प्रत्येक केशपात आनुवंशिक टक्कल नव्हे. दीर्घ ज्वरानंतर गळलेले केस बहुधा आपोआप परततात. रक्तक्षय किंवा कंठग्रंथीचा विकार असेल, तर प्रथम त्याची चिकित्सा हवी. तेथें शस्त्र उचलणारा वैद्य घाईचाच म्हटला पाहिजे.

जिवाची गोष्ट याहून गंभीर. १९१९ मधली नव्हे, तर २०१९ च्या मार्चमधली ही मुंबईची हकीकत आहे. वृत्तपत्रांतील वृत्ताप्रमाणें एका गृहस्थानें एकाच दीर्घ बैठकींत नऊ हजारांहून अधिक केशमुळें रोपून घेतलीं आणि दोन दिवसांत तो दगावला. औषधाची तीव्र प्रतिक्रिया हें कारण असावें, असा संशय व्यक्त झाला. पुढें २०२२ सालीं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानें सूचनापत्र काढून रीतसर शस्त्रक्रिया-शिक्षण झालेल्यांनींच हें काम करावें असें बजाविलें. कार्यशाळेंत किंवा यूट्यूबवर पाहून घेतलेलें शिक्षण पुरेसें नाहीं, असें त्यांत स्पष्ट सांगावें लागलें, यावरून परिस्थिति कोठवर आली होती तें दिसतें. तेव्हां सुई व शस्त्र प्रत्यक्ष कोणाच्या हातीं असणार, बधिरतेचें औषध किती देणार, आणि ऐन वेळीं श्वास अडकला तर तेथें काय सोय आहे, हे प्रश्न दरापूर्वीं विचारावे. दुकानदारास विचारतों त्याच निःसंकोचपणें विचारावे.

आणखी एक व्यावहारिक गोष्ट. रोपलेले केस पहिल्या दोन ते सहा आठवड्यांत बहुधा गळून पडतात. मुळें मात्र आंत जिवंत असतात. नवे कोंभ दिसूं लागावयास तीन-चार महिने व पुरतें फळ यावयास सुमारें एक वर्ष लागतें. लग्नाच्या दोनच महिने आधीं शस्त्रक्रिया करविणाऱ्या नवरदेवानें एक चांगलासा फेटा बांधून ठेवलेला बरा.