ग्रंथपालांची परिषद आणि राजकारण

व्यावसायिक परिषदेत राजकारण नको, असे ग्रंथपालांना पुष्कळदा बजावले जाते. या संदर्भात अमेरिकन ग्रंथालय संघाची १९३६ ची रिचमंड परिषद आम्हांस उद्बोधक वाटते. व्हर्जिनियातील वर्णभेदामुळे कृष्णवर्णीय ग्रंथपालांना सभागृहात वेगळे बसावे लागले. परिषदेच्या हॉटेलांत त्यांना निवास नव्हता, भोजन-बैठकांना प्रवेश नव्हता. व्यासपीठावर कोणी बोलो वा न बोलो, राजकारण आसनव्यवस्थेतच शिरले होते! निषेध झाला, जेथे सर्व सभासदांस समान वागणूक नाही तेथे परिषद न भरविण्याचे संघाने त्याच वर्षी ठरविले. दक्षिणेत पुन्हा परिषद भरली ती १९५६ साली, मायामी बीच येथे. पक्षप्रचार परिषदेत नसावा, हे आम्हांसही मान्य आहे. परंतु ग्रंथालयाचे दार कोणास उघडे, हा प्रश्न व्यवसायाबाहेरचा कसा मानावा?