जिओकॅशिंग : पेंडाइनचा वाळूकिनारा

दिलेल्या अक्षांश-रेखांशांवरून कुणीतरी लपवून ठेवलेली डबी हुडकायची, आतल्या वहीत नाव-तारीख लिहायची आणि डबी होती तशी परत ठेवायची, असा हा छंद. जीपीएसच्या नागरी संकेतांत मुद्दाम मिसळली जाणारी चूक अमेरिकेने २ मे २००० रोजी काढून टाकली. दुसऱ्याच दिवशी डेव्ह अल्मर यांनी ऑरेगन राज्यात पहिली डबी ठेवली. वेल्सच्या दक्षिणेचा, सुमारे ११ किलोमीटर लांबीचा पेंडाइनचा किनारा मात्र डबीला मानवणारा नाही. जमीन खणून डबी पुरू नये, असा या छंदाचा नियम आहे. उघड्या वाळूवर ना झाड, ना खडकाची कपार. न पुरता ठेवलेली डबी भरतीबरोबर जाते आणि समुद्रात प्लास्टिकचा आणखी एक तुकडा पडतो. म्हणून इथे डबीवाचूनचेच प्रकार योग्य ठरतात : ठिकाणी जाऊन प्रश्नांची उत्तरे शोधायला लावणारा व्हर्च्युअल कॅश, किंवा भूरचना वाचायला लावणारा अर्थकॅश.

डबी नसली तर शोधण्यातला आनंद कुठे उरतो, हा आक्षेप खरा आहे; हाताला काही लागण्याचे सुख वेगळेच. पण पेंडाइनला शोधण्याजोगे जे आहे, तेही डोळ्यांना दिसत नाही. ओहोटीनंतर उरणाऱ्या या सपाट, घट्ट वाळूवर माल्कम कॅम्बेल यांनी १९२४ मध्ये ताशी १४६.१६ मैलांचा जमिनीवरील वेगाचा विक्रम केला. १९२६ मध्ये जे. जी. पॅरी-थॉमस यांनी ‘बॅब्स’ या गाडीतून ताशी १७१ मैलांचा वेग ओलांडला. फेब्रुवारी १९२७ मध्ये कॅम्बेल पुन्हा पुढे गेले. तो विक्रम परत मिळवण्याच्या प्रयत्नात ३ मार्च १९२७ रोजी पॅरी-थॉमस यांचा मृत्यू झाला आणि ‘बॅब्स’ तिथेच वाळूत पुरण्यात आली. ओवेन विन ओवेन यांनी ती १९६९ मध्ये खणून काढली आणि अनेक वर्षे खपून पुन्हा चालती केली. या साऱ्या धावांच्या चाकोऱ्या पुढच्याच भरतीने पुसल्या. अशा घटनांची जागा दाखवायला अक्षांश-रेखांशांपलीकडे दुसरी खूण उरत नाही.

गावात वेगाच्या इतिहासाचे संग्रहालय आहे, मग हा खटाटोप कशाला, असेही विचारता येईल. संग्रहालय गाडी दाखवते, आणि ते मोलाचेच आहे. पण विक्रम ज्या अंतरावर झाले ते अंतर चालल्याशिवाय कळत नाही. ११ किलोमीटर मोकळ्या वाळूतले मोजणीचे अंतर किती थोडे, आणि वेग घ्यायला व आवरायला उरलेली वाळू किती लागत असेल, हे पायांनाच उमगते. सुरक्षेचा मुद्दा याहून गंभीर आहे. किनाऱ्याचा मोठा भाग संरक्षण खात्याच्या चाचणीक्षेत्रात मोडतो आणि चाचण्यांच्या वेळी बंद असतो. त्यामुळे इथला कोणताही बिंदू खुल्या भागातच निवडावा, आणि नोंदीत भरतीची वेळ पाहून निघण्याची सूचना ठळकपणे द्यावी.