बेल्जियन ट्रिपेलची चव आणि पारख

भारतीय बाजारात 'स्ट्राँग बिअर' हा शब्द एका ठरावीक अर्थाने रुळला आहे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या मद्यविषयक नियमावलीनुसार ५ टक्क्यांहून अधिक आणि ८ टक्क्यांपर्यंत मद्यार्क असलेली बिअर स्ट्राँग समजली जाते. गिऱ्हाईक मात्र ती टक्केवारीपेक्षा परिणामावरून ओळखते. घशाशी चटका बसला, डोके लवकर हलके झाले, म्हणजे बिअर स्ट्राँग, असा सरळ हिशेब. बेल्जियममध्ये कडक एलची जी परंपरा आहे तिचा हिशेब याच्या जवळजवळ उलट आहे. तेथे मद्यार्क साडेसात ते साडेनऊ टक्क्यांपर्यंत असतो आणि तो जितका लपलेला राहील तितकी बिअर उत्तम ठरते. हा एक मुद्दा ध्यानात घेतला नाही, तर या प्रकारच्या बिअरची पारख पहिल्याच घोटाला चुकते.

गोव्यातील वाचकाला हा विषय आता परका राहिलेला नाही. डिचोली तालुक्यातील लाटंबार्से येथील ब्रुअरीने 'माका दी' या नावाने जी बिअर बाजारात आणली, तिच्या प्रकारांत 'बेल्जियन ट्रिपेल'ही आहे. शेजारच्या महाराष्ट्रात पुण्याच्या 'डूलाली'ने २००९ मध्ये सुरुवात केल्यानंतर स्थानिक ताज्या बिअरची सवय शहरी ग्राहकांना लागली आणि तेथील फळ्यांवर बेल्जियन नावे दिसू लागली. नावे आली, त्यांची मोजपट्टी मात्र सोबत आली नाही. परिणामी ट्रिपेल मागवणारा तिची तुलना ओळखीच्या स्ट्राँग लागरशी करतो आणि 'लागत नाही' म्हणून नाराज होतो. 'लागत नाही' ही तिच्या बाबतीत प्रशंसाच समजावी.

बेल्जियममध्ये अशी बिअर का रुजली, याच्या कारणांत एक कायदाही येतो. १९१९ मध्ये तेथील सरकारने सार्वजनिक पानगृहांत जिनसारखी ऊर्ध्वपातित मद्ये विकण्यास बंदी घातली. दुकानातूनही ती किमान दोन लिटर घ्यावी लागत, म्हणजे गरीब कामगाराच्या खिशाबाहेर गेली. कडक पेयाची ओढ काही कायद्याने गेली नाही आणि कडक बिअरची मागणी वाढली. डुवेल ही बिअर १९२३ पासून त्या नावाने ओळखली जाते. नावाचा अर्थ 'सैतान'. सुरुवातीला गडद असलेली ही बिअर १९७० मध्ये आजच्या फिकट सोनेरी रूपात आली. वेस्टमालेच्या ट्रॅपिस्ट मठाने १९३४ मध्ये आपली कडक फिकट एल काढली आणि १९५६ मध्ये तिची कृती सुधारली. आज 'ट्रिपेल' म्हटले की जाणकारांसमोर हाच नमुना असतो. तिचा मद्यार्क ९.५ टक्के आहे. त्याच मठाची तपकिरी 'डुबेल' ७ टक्क्यांची, तर रोशफोर मठाची '१०' क्रमांकाची गडद बिअर ११.३ टक्क्यांची. युनेस्कोने २०१६ मध्ये बेल्जियमच्या बिअर संस्कृतीला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले.

आता घडण. ट्रिपेलमध्ये बार्लीच्या फिकट माल्टसोबत साखर घालतात. हे ऐकून अनेकांना ती भेसळ वाटते, पण येथे साखरेचे काम गोडी वाढवण्याचे नसते. यीस्ट ती जवळजवळ पूर्ण पचवते, त्यामुळे मद्यार्क वाढतो आणि अंग हलके राहते. केवळ माल्टवर इतका मद्यार्क गाठायचा म्हटला तर बिअर काकवीसारखी जड होईल. आपल्याकडील अनेक कडक लागरांतही तांदूळ, मका किंवा साखर असतेच. खरा फरक यीस्टचा आणि तापमानाचा आहे. लागरचे यीस्ट थंडीत, संथपणे काम करते आणि स्वतःची चव मागे ठेवत नाही. बेल्जियन यीस्ट उबेत काम करते आणि दोन प्रकारचे गंध निर्माण करते: फळांची आठवण देणारी एस्टर आणि लवंग-मिरीची आठवण देणारी फिनॉल संयुगे. ट्रिपेलमध्ये लवंगेचा वास आला, तर तो बहुधा लवंग न घालताच आलेला असतो.

परीक्षणाची जगभर प्रचलित असलेली एक पद्धत 'बीजेसीपी' या अमेरिकी परीक्षक संघटनेची आहे. एकूण ५० गुण. त्यांतील १२ गंधाला, ३ रूपाला, २० चवीला, ५ तोंडातील स्पर्शाला आणि १० एकंदर परिणामाला. ही वाटणी पाहिली की परीक्षक कशाला महत्त्व देतात ते कळते. सुंदर रंग आणि उंच फेस यांना तीनच गुण, तर ओठ लागण्याआधी नाकाने जे टिपायचे त्याला त्याच्या चौपट. संघटनेच्या २०२१ च्या शैलीपुस्तिकेत ट्रिपेलसाठी मद्यार्क ७.५ ते ९.५ टक्के आणि कडवटपणा २० ते ४० एकक असा पट्टा दिला आहे. भारतीय नियमातील ८ टक्क्यांची मर्यादा यासोबत ठेवून पाहिली, तर येथे बनणाऱ्या ट्रिपेलला त्या पट्ट्याची खालची अर्धा टक्का जागाच मोकळी राहते. म्हणून वेस्टमालेची भरदार ऊब तिच्यात शोधणे अन्यायाचे आहे. सुगंध आणि कोरडेपणा मात्र त्या मर्यादेतही पुरेपूर साधता येतात, आणि त्यांवरच गुण द्यावेत.

चाखण्यापूर्वीची तयारी साधी आहे, पण ती टाळून चालत नाही. पेला कमळाच्या कळीसारखा, तोंडाशी किंचित आवळलेला असावा. वाइनचा मोठा पेलाही चालतो. त्याला साबणाचा किंवा तेलाचा अंश राहिला तर फेस बसतो आणि दोष बिअरच्या माथी येतो. फ्रिजमधून काढलेली बाटली लगेच ओतू नये. ८ ते १२ अंश सेल्सियसला गंध मोकळा होतो. गोव्याच्या हवेत दहा-पंधरा मिनिटे त्यासाठी पुरतात. पेला बर्फात गोठवून देण्याची बारमधील पद्धत आग्रहाने दिली जाते, पण या बिअरचा तिने घात होतो. बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवलेल्या बिअरच्या तळाशी यीस्टचा साका असतो. सावकाश ओतून शेवटचा बोटभर भाग मागे ठेवावा. तो पिण्याने अपाय नाही, फक्त रंग गढूळ होतो आणि चव बदलते. तोंड साफ करण्यासाठी पाणी आणि पोदेराकडचा साधा पाव एवढेच जवळ असावे. चोरीस किंवा विंदालू नंतर. तिखटाने मद्यार्काची जळजळ अधिक जाणवते आणि निकाल बिघडतो.

पेला ओतताच वास घ्यावा, कारण उडून जाणारे हलके गंध पहिल्या मिनिटातच भेटतात. परीक्षकाची परिभाषा पाश्चात्त्य असली, तरी नाक ज्याचे त्याचे असते. पुस्तकात 'केळे' लिहिले असेल तर आपण मयड्याची पिकलेली केळी आठवावीत. 'संत्र्याची साल' म्हटले तर नखाने सोललेल्या सालीचा फवारा आठवावा. काळी मिरी, लवंग, मध, किंचित फुलांचा दरवळ हे चांगल्या ट्रिपेलचे गंध आहेत. केळ्याचा वास इतरांना झाकू लागला तर यीस्ट बेताल झाले असे समजावे. गडद बेल्जियन एलचे कुटुंब निराळे. तेथे मनुका, खजूर, अंजीर आणि काकवी यांच्याकडे जावे. दोघांना एकाच तराजूत तोलू नये.

चवीचा पहिला क्षण गोडसर असतो, मधला मसालेदार आणि शेवट कोरडा. हा शेवटच निर्णायक आहे. घोट गेल्यावर जिभेवर चिकट गोडवा रेंगाळला, तर यीस्टने काम अर्धवट सोडले असा संशय घ्यावा. साखरेने हलके केलेले अंग आणि भरपूर वायू यांमुळे बिअर तोंडात उसळते व स्वच्छ निघून जाते. दुसऱ्या घोटाची इच्छा झाली, तर एकंदर परिणामाच्या दहा गुणांपैकी बरेच तेथेच मिळाले. मद्यार्क छातीत मंद उबेसारखा जाणवावा. नाकात थिनर किंवा नेलपॉलिशचा वास शिरला किंवा घसा भाजला, तर ते आंबवण अति उष्ण तापमानात झाल्याचे लक्षण आहे. आपल्याकडे याच भाजण्याला पुष्कळदा 'दम' म्हणून दाद मिळते.

इतर दोषही ओळखीच्या वासांनी पकडता येतात. लोण्याचा वास डायअॅसेटिलचा, हिरव्या सफरचंदाचा वास अपुऱ्या परिपक्वतेचा, उकडलेल्या मक्याचा वास माल्टपाण्याच्या उकळीतील ढिलाईचा. ऊन लागलेल्या बाटलीला एक उग्र, कुबट वास येतो, कारण प्रकाशाने हॉप्समधील घटक बदलतात. तपकिरी काच त्यापासून बरेच रक्षण करते, हिरवी फारसे नाही. सर्वांत जास्त आढळणारा दोष मात्र ब्रुअरीत जन्मत नाही. ओल्या पुठ्ठ्याचा वास आणि मेलेले फळ, ही प्राणवायू व उष्णता यांची करणी असते. तापमान दहा अंशांनी वाढले की बिघाडाचा वेग दोन-तीन पटींनी वाढतो. पत्र्याच्या छपराखालच्या दुकानात एप्रिल-मे काढलेली बाटली मुदतीत असूनही म्हातारी झालेली असू शकते. म्हणून पारखीची सुरुवात दुकानातच करावी: उत्पादनाची तारीख पाहावी, खिडकीतील बाटली घेऊ नये, थंड कपाटातलीच मागावी. गडद, अधिक कडक एल वर्षानुवर्षे मुरवली जाते. तोच न्याय ट्रिपेलला लावू नये, तिची खुमारी ताजेपणात आहे.

ही सारी शिस्त गोव्याला नवखी वाटण्याचे कारण नाही. फेणीचे नावच 'फेन' म्हणजे फेस या शब्दाशी जोडले जाते आणि ओतताना उठणारे बुडबुडे किती काळ टिकतात यावरून तिची ताकद जोखणारे हात येथे पिढ्यान्पिढ्या आहेत. काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. वासावरून हुर्राक आणि फेणी वेगळी सांगणाऱ्या माणसाला ट्रिपेल कळायला एक संध्याकाळ पुरेशी आहे.

संध्याकाळ एक, पण बाटल्या किती याचा हिशेब आधी करावा. मद्यार्क लपलेला असला तरी तो नाहीसा झालेला नसतो. साडेसात टक्क्यांच्या ३३० मिलिलिटरच्या बाटलीत सुमारे २० ग्रॅम शुद्ध मद्यार्क असतो, म्हणजे नेहमीच्या व्हिस्कीच्या ३० मिलिलिटरच्या दोन पेगांइतका. वाहन चालवणाऱ्यासाठी कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम आहे. मध्यम बांध्याच्या माणसाने ती एक बाटली घाईने रिकामी केली तरी ही मर्यादा ओलांडली जाऊ शकते. परीक्षक एका नमुन्याचे ६० ते ९० मिलिलिटरच घेतात. वाइनप्रमाणे थुंकण्याची रीत येथे सहसा नाही, कारण घोट गिळल्यावर मागे राहणारी चवही मोजायची असते. तेव्हा चार मित्रांत एक बाटली हे प्रमाण पारखीसाठी योग्य आहे, आणि चाव्या घरी ठेवाव्यात.

पाहुणे गुजरातचे असतील, तर आणखी एक सूचना. सुरतेच्या नवागाम-डिंडोली भागात स्थिरावलेली खानदेशी मराठी कुटुंबे सुट्टीत इकडे येतात आणि आठवण म्हणून बाटली नेण्याचा मोह होतो. गुजरातेत राज्याच्या स्थापनेपासून, म्हणजे १९६० पासून, दारूबंदी लागू आहे आणि परवान्याशिवाय मद्य बाळगणे हा तेथे गुन्हा आहे. नवागामच्या पाहुण्याने ट्रिपेल येथेच चाखावी आणि परतताना सोबत काजूगर न्यावेत.