‘स्वेटर’ : घामाकडून उबेकडे

परभाषेतून आलेला शब्द आपला अर्थ बरोबर आणतो. त्या अर्थाचा इतिहास मात्र पुष्कळदा वेशीबाहेरच राहतो. मराठीत पूर्णपणे रुळलेला ‘स्वेटर’ हा शब्द याचे बोलके उदाहरण होय. ‘जर्सी’ हे नाव एका बेटाचे, ‘कार्डिगन’ हे क्रिमियन युद्धात लढलेल्या एका उमरावाच्या पदवीचे. ‘स्वेटर’ मात्र थेट शरीरधर्मावरून आला. इंग्रजी ‘स्वेट’ म्हणजे घाम. संस्कृत ‘स्वेद’ आणि ‘स्वेट’ हे एकाच भारोपीय धातूतून निघालेले असल्याने मराठीत आलेला हा पाहुणा वास्तविक दूरचा आप्तच आहे.

एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडमध्ये घाम निघून वजन उतरावे म्हणून वल्हवणारे व इतर खेळाडू सरावाच्या वेळी जाड लोकरी कपडे घालीत. पुढे व्यायामानंतर अंग गार पडू नये म्हणूनही तोच कपडा वापरात आला. घाम काढणारे वस्त्र अशा रीतीने ऊब देणारे वस्त्र झाले.

याच शतकात लंडनच्या शिंपीव्यवसायात दुसराच ‘स्वेटर’ वावरत होता. शिलाईचे काम ठेक्याने घेऊन ते अत्यल्प मजुरीत गरिबांकडून करवून घेणाऱ्या मध्यस्थाला हे नाव होते. चार्ल्स किंग्जली यांनी १८५० मध्ये या पद्धतीवर कठोर टीका केली. १८८८ मध्ये ब्रिटिश उमरावसभेने तिच्या चौकशीसाठी समिती नेमली, आणि १९०९ च्या कायद्याने अशा काही व्यवसायांत किमान वेतन ठरविणारी मंडळे स्थापन झाली.

मराठीने यांपैकी फक्त वस्त्र स्वीकारले. मागावरच्या कापडाला लागणारे ‘विणणे’ हे क्रियापद तिने सुयांवरच्या लोकरीलाही लावले. उलटसुलट टाक्यांनी सजलेला चिमुकला स्वेटर बाळंतविड्यात जाऊन बसला आणि शब्दाभोवती वात्सल्याचे वलय निर्माण झाले. ‘घाम गाळणे’ म्हणजे कष्टणे असे मानणाऱ्या भाषेत या शब्दातला घाम मात्र कोणाला जाणवत नाही. घरातील स्त्रीने रात्री जागून विणलेल्या स्वेटरचे मोल मायेत धरले जाते, श्रमात नव्हे. लुधियानाच्या कारखान्यांतून येणाऱ्या स्वेटरांमागचे कामगारही ग्राहकाच्या नजरेआडच राहतात. शब्दाची व्युत्पत्ती शोधणे हा केवळ पांडित्याचा व्यवहार नाही. उबेच्या मागे कोणाचे तरी कष्ट असतात, ही विसरलेली गोष्ट ती पुन्हा समोर ठेवते.